आत्याच्या ट्रंकेतल्या सह्या: खऱ्या कोणत्या, छापील कोणत्या?

ओसरी | रविवार, रात्री १०:१०

आमचा सदाशिव पेठेतला वाडा दिवाळीनंतर पाडायचा आहे. माळा रिकामा करताना आत्याची पत्र्याची ट्रंक खाली आली. वर दोन इरकली, डांबराच्या गोळ्यांचा वास आणि तळाशी सुतळीने बांधलेले पाकिटांचे चार गठ्ठे. आत्या ८४ वर्षांची आहे, कोथरूडला आमच्याकडेच असते. हुजूरपागेतून मॅट्रिक झाल्यापासून पुढची दहा-बारा वर्षं ती नट, खेळाडू, लेखक यांना पत्रं लिहायची आणि सही मागायची, एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. उत्तरं इतकी आली होती आणि तिने ती सगळी जपली होती, हे मात्र आज कळलं.

एका मोठ्या हिंदी नायकाचे पोस्टकार्डाच्या आकाराचे सहा फोटो आहेत, सहाही सहीचे. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण मागे एकदा दुसऱ्या धाग्यावर असं नाव लिहिलं तर लगेच भाव विचारणारे निरोप सुरू झाले होते. एका नटीचं आंतर्देशीय पत्र आहे. पुलंचं एक पोस्टकार्ड आहे, दोनच ओळींचं. आणि एका जाड, वेगळ्याच आकाराच्या पाकिटात ऑस्ट्रेलियाचा क्रिकेटपटू डॉन ब्रॅडमनचा फोटो, खाली निळसर काळ्या शाईत सही. तो हातात घेतला आणि मी तशीच जमिनीवर बसून राहिले.

विकायचं काही नाही. पण यातलं खरं त्या माणसाच्या हातचं काय आणि छापील किंवा कारकुनाने केलेलं काय, ते आत्या आहे तोवर मला कळून घ्यायचं आहे. कुठून सुरुवात करू?

शाईचा_डाग | रविवार, रात्री ११:३५

ओसरीताई, आधी एक विनंती. फोटो एका फाइलीत, पाकिटं दुसरीकडे, असं आज रात्री काहीही करू नका. जो फोटो ज्या पाकिटातून निघाला त्यातच राहू द्या. पंचवीस वर्षं सह्या गोळा करतोय, आणि माझं ठाम मत झालंय की टपालाने आलेल्या सहीचा निम्म्याहून जास्त पुरावा पाकिटावर असतो. नुसती सही कापून वहीत चिकटवली की ती अनाथ होते. मग तिच्याबद्दल कुणी काहीही म्हणावं.

आता तपासणी. लक्ष्मी रोडवर घड्याळं दुरुस्त करणाऱ्याकडून दहापटीचं भिंग आणा. सहीच्या रेघेवर धरा. रेघ बारीक बारीक ठिपक्यांची बनलेली दिसली तर ती छापखान्यातली, विषय संपला. पण ठिपके दिसले नाहीत म्हणून हुरळून जाऊ नका. त्या काळी नट मंडळी एका फोटोवर सही करत, त्या सहीसकट फोटोचा फोटो काढला जाई आणि त्यावरून हजारो प्रती धुतल्या जात. अशा प्रतीत ठिपके नसतात, कारण तो खरा धुतलेला फोटोच असतो. सही त्याच्या आत असते, वर नसते.

हे ओळखायला भिंग नको, खिडकी हवी. सकाळच्या उन्हात फोटो डोळ्यांच्या पातळीला आडवा धरा आणि हळूहळू कलता करा. चकाकी पृष्ठभागावरून सरकत जाते. शाईची सही असेल तर तिथे आल्यावर चकाकी अडखळते, रेघ वेगळीच चमकते, कधी सोनेरी-तांबूस झाक मारते. सही आतली असेल तर चकाकी पाण्यावरून गेल्यासारखी तिच्यावरून निघून जाते. बॉलपेन असेल तर मागच्या बाजूला बोट फिरवा, दाब लागतो.

आणि तुमच्याकडे एकाच माणसाचे सहा फोटो आहेत, हे तर भाग्यच. दोन-दोन घेऊन खिडकीच्या काचेवर एकावर एक धरून बघा. कोणताही माणूस आयुष्यात दोनदा हुबेहूब तीच सही करत नाही. दोन सह्या तंतोतंत बसल्या तर त्या हाताने केलेल्या नाहीत.

ओली कापसाची काडी लावून शाई निघते का बघा, असा सल्ला कुणी देईल. कृपा करून तसं करू नका. सही खरी निघेल आणि त्याच क्षणी जाईल.

एक_वाचक | सोमवार, सकाळी ७:०५

ब्रॅडमन खरा असण्याची शक्यता चांगली आहे. निवृत्तीनंतरही ते चाहत्यांच्या पत्रांना स्वतः उत्तरं देत आणि सह्या करत, अगदी म्हातारपणापर्यंत. २००१ मध्ये गेले. त्यामुळे त्यांच्या खऱ्या सह्या जगात भरपूर आहेत.

नाना_शनिवार | सोमवार, सकाळी ९:४०

माझा अनुभव लिहितो. अपोलो ११ चंद्रावर उतरलं तेव्हा मी आठवीत होतो. ते तिघं अंतराळवीर ऑक्टोबर १९६९ मध्ये मुंबईला आले होते. मला काही जाता आलं नाही, वडिलांना सुट्टी नव्हती. म्हणून इंग्रजीच्या सरांकडून पत्र तपासून घेऊन मी अमेरिकेला पाठवलं. चार महिन्यांनी नील आर्मस्ट्राँगचा पांढऱ्या पोशाखातला रंगीत फोटो आला, सहीसकट. शनिवार पेठेत आमच्या वाड्यात तो बघायला रांग लागली होती.

चाळीस वर्षं तो दिवाणखान्यात होता. मग मुलाने दाखवलं की ती सही ऑटोपेनची आहे. ऑटोपेन म्हणजे खरं पेन धरून सही करणारं यंत्र. साच्यावरून त्याचा हात फिरतो. शाई खरी, कागदावर दाब खरा, भिंगाखाली ठिपके नाहीत, फक्त माणूस नाही. आर्मस्ट्राँगच्या यंत्रसह्यांचे ठरावीक नमुने आहेत, संग्राहकांनी ते जमवून ठेवले आहेत. माझी त्यातल्या एकावर रेघ न् रेघ बसली. बारकाईने पाहिलं तर रेघ सुरू होते आणि संपते तिथे शाईचा गोल ठिपका आहे, कारण यंत्र पेन टेकवतं, मग चालवतं, मग थांबवून उचलतं. आणि सगळीकडे जाडी सारखी. माणसाचा हात वर जाताना हलका होतो, खाली येताना जड.

सांगायचं म्हणजे, शाई खरी आहे एवढ्यावर थांबू नका. फोटो अजून भिंतीवर आहे. पत्र तर मीच लिहिलं होतं.

तिसरी_घंटा | सोमवार, दुपारी १:२०

नानाकाका, तुमचा फोटो निदान अमेरिकेहून आला होता. मी पैसे मोजून फसलेय. एका विक्रेत्याकडून ऑनलाइन पन्नासच्या दशकातल्या एका अभिनेत्रीचा सहीचा फोटो घेतला. सोबत सोनेरी कडांचं प्रमाणपत्र, त्यावर चमकतं स्टिकर. सही जाड काळ्या मार्करने केलेली. सहा महिन्यांनी माझ्या डोक्यात प्रकाश पडला की आज सगळे सहीला वापरतात तो शार्पी मार्करच मुळी १९६४ मध्ये बाजारात आला, आणि फोटोवर तर १९५५ लिहिलंय. पुढे पासोड्या विठोबापाशी नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची छोटी बॅटरी मिळाली. अंधाऱ्या खोलीत फोटोच्या पाठीवर मारली तर कागद निळापांढरा लख्ख उजळला. कागद पांढरा दिसावा म्हणून घालतात ती चकाकणारी रसायनं साधारण १९५० नंतर हळूहळू कागदात आली, त्यामुळे नुसत्या एवढ्यावरून १९५५ चा फोटो खोटा ठरत नाही, पण माझी शंका वाढली. माझ्याकडचे आजोबांचे त्या काळातले फोटो शेजारी ठेवले, ते सगळे मातकट, मंद दिसले.

विक्रेत्याने फोन उचलणं बंद केलं. प्रमाणपत्र कुणीही छापू शकतं, हे मला साडेसहा हजारांना कळलं.

ओसरी | सोमवार, रात्री ९:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी ऊन आल्याबरोबर गॅलरीत बसले.

सहा फोटोंपैकी पाच काचेवर एकावर एक बसले. नावातल्या शेवटच्या अक्षराचा फराटा, त्याखालची आडवी रेघ, सगळं. चकाकीही सरळ निघून गेली. म्हणजे पाचही त्या एकाच धुतलेल्या सहीचे. सहाव्यात मात्र सही वेगळी आहे, तिरकी आहे, शाई चमकते. पण अक्षराचं वळण मला निराळंच वाटतं. पहिल्या पाचांत नाव एका झटक्यात लिहिलंय, सहाव्यात दोनदा पेन उचललंय.

ब्रॅडमनच्या फोटोवर शाई वर आहे, चमकते. पण त्याच्या पाकिटाची उजवी वरची बाजूच नाही. कात्रीने चौकोन कापून घेतलाय. तो मी कापलाय. सात-आठ वर्षांची असताना मला तिकिटं जमवायचा नाद लागला होता आणि आत्याने ट्रंक उघडली की मी मागे लागायचे. तिने 'घे' म्हटलं आणि मी कापत गेले. गठ्ठ्यातली अकरा पाकिटं अशी कापलेली आहेत. काल शाईचा_डाग यांचा प्रतिसाद वाचल्यापासून तेच डोळ्यांसमोर आहे.

सिटीपोस्ट | सोमवार, रात्री ११:१५

ताई, वाईट वाटून घेऊ नका. टपाल खात्यात छत्तीस वर्षं काढली, त्यातली बरीच सिटी पोस्टात. ज्या घरात तिकिटं कापली नाहीत असं घर मी पाहिलं नाही. आणि कापलेल्या पाकिटावरही पुष्कळ राहतं. मी काय बघतो ते सांगतो.

पाठीमागे बघा. पुण्यात पत्र उतरलं की पुष्कळदा मागच्या बाजूला पोचल्याचा शिक्का पडायचा. त्यात तारीख असते. त्या काळच्या शिक्क्यात इंग्रजीत 'पूना' असायला हवं, 'पुणे' नव्हे. ते स्पेलिंग सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस बदललं.

पत्त्यातला आकडा बघा. 'पूना २', 'पुणे ४', 'पुणे ३०' हे विभागाचे आकडे जुने आहेत, त्यावरून काही सिद्ध होत नाही. पण सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. (तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले कोकणातले, संस्कृतचे मोठे कवी. फार थोड्यांना माहीत असतं, म्हणून लिहितोय.) तेव्हा १९६८ सालच्या म्हणून दाखवलेल्या लेटरहेडवर ४११००४ किंवा ४०००५० छापलेलं असेल, तर तो कागद १९६८ चा नाही. मला असं एक 'दुर्मिळ पत्र' दाखवायला आणलं होतं. मी पिनकोडवर बोट ठेवलं, त्या गृहस्थांनी पत्र घडी करून खिशात घातलं.

तिकिटाची किंमत बघा. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, आणे गेले. १ जून १९६४ पर्यंत 'नवे पैसे' म्हणायचे, तिकिटावर आकड्यापुढे इंग्रजीत 'एनपी' अशी अक्षरं असत. नंतरच्या तिकिटांवर 'नवे' गेलं.

ऑस्ट्रेलियाचंही असंच. तिकडे १४ फेब्रुवारी १९६६ ला पेन्स-शिलिंग जाऊन डॉलर-सेंट आले, आणि चार आकडी पोस्टकोड १९६७ मध्ये आला. तुमच्या त्या पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचा पत्ता आहे का? त्यात चार आकडी कोड आहे का?

आणि ते तिकिटांचे अल्बम कुठे आहेत?

मेघना_डेक्कन | मंगळवार, सकाळी ८:३०

जपण्याबद्दल थोडं. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, चिकट पानांचे अल्बम तर मुळीच नको. आमच्या आईचे फोटो त्या पानांवरून सोडवताना अर्धे फाटले. स्वस्त मऊ प्लास्टिकच्या पिशव्याही नकोत, शाई त्यांना चिकटते. आम्लरहित कागदाची पाकिटं मिळतात, ती घ्या. पुण्याच्या पावसाळ्यात कसर लागते, म्हणून स्टीलच्या डब्यात सिलिका जेल ठेवा आणि दसऱ्याला एकदा सगळं उघडून बघा. भिंतीवर लावायचं तर मूळ नको, रंगीत झेरॉक्स लावा.

शाईचा_डाग | मंगळवार, सकाळी १०:००

सहाव्या फोटोबद्दल. पेन दोनदा उचललंय, वळण निराळं, पण शाई खरी. हे सचिवाच्या हातचं असण्याचा संभव जास्त. चित्रपटातल्या मोठ्या नावांकडे रोज पोती भरून पत्रं येत, ती हाताळायला माणसं ठेवलेली असत. बीटल्सच्या कितीतरी सह्या त्यांच्यासोबत फिरणाऱ्या नील अस्पिनॉल आणि मॅल इव्हान्स यांनी केलेल्या आहेत, हे आता सर्वमान्य आहे.

लबाडीने गिरवलेली सही आणि सचिवाची सही यांतला फरकही सांगतो. गिरवणारा घाबरत, हळू लिहितो. रेघ थरथरते, टोकं बोथट राहतात. सचिव रोज शंभर सह्या करतो, त्याचा हात मोकळा असतो, फक्त वळण त्याचं स्वतःचं असतं. तुमच्या वर्णनावरून रेघ थरथरत नाहीये. बरोबर?

अमेरिकेत पीएसए, जेएसए, बेकेट अशा तपासून देणाऱ्या संस्था आहेत. बेसबॉलपटू, हॉलीवूड यांसाठी त्यांच्याकडे नमुन्यांचा मोठा साठा आहे. पण देवनागरी सहीसाठी मी त्यांच्यावर अवलंबून राहणार नाही. तुलनेला शंभर नमुने समोर नसतील तर तज्ज्ञ काय सांगणार? पुलंच्या कार्डासाठी त्यांचं छापून आलेलं हस्ताक्षर शेजारी ठेवा. सहीपेक्षा मजकुराची अक्षरं जास्त बोलतात. सही नक्कल करणाऱ्याने घटवलेली असते, 'आपले पत्र पोचले' हे शब्द घटवलेले नसतात.

एक_वाचक | मंगळवार, सकाळी १०:२५

गांधीजी सहीचे पाच रुपये घेत, हरिजन निधीसाठी. आजोबांनी ते दिले होते. ती सही घरात आहे, आणि पावती हरवली याची हळहळ आजोबांना शेवटपर्यंत होती. ती का, ते आता कळतंय.

ओसरी | गुरुवार, रात्री १०:४०

दोन दिवस लिहू शकले नाही, कारण बरंच काही सापडलंय.

सिटीपोस्टकाका, पाठवणाऱ्याच्या पत्त्यात चार आकडी कोड नाही. पाठीमागे पूना शिक्का आहे, पण तारखेच्या जागी फक्त काळा डाग.

मग आत्यालाच विचारलं, तुला ब्रॅडमनचं पत्र कधी आलं आठवतं का? ती म्हणाली, "आठवायचं कशाला, वहीत असेल." कसली वही? तर ट्रंकेच्या झाकणाला आतून कापडी खिसा आहे, त्यात. आत्या विमा कचेरीत आवक-जावक लिहायची, आणि घरच्या पत्रांचीही तिने तशीच वही ठेवली होती. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. रकाने आखलेले: जावक तारीख, कोणास, सोबत काय पाठविले, आवक तारीख, शेरा.

ब्रॅडमनची ओळ अशी आहे. जावक ६ जुलै १९६४. सोबत 'फोटो १'. आवक २ सप्टेंबर १९६४. शेरा 'शाई'. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ इकडे कसोटी खेळायला येणार होता, सगळीकडे तीच चर्चा होती, म्हणून तिने लिहिलं. फोटो तिने स्वतःच्या पैशाने विकत घेऊन पाठवला होता, परत येईल याची खात्री नसताना.

शेऱ्याचा रकाना वाचताना माझ्या अंगावर काटा आला. त्या नायकाच्या पाच फोटोंपुढे पाच वेळा एकच शब्द आहे, 'छापील'. सहाव्यापुढे 'दुसऱ्याचा हात'. म्हणजे तुम्ही सगळ्यांनी मिळून मला जे शिकवलंत ते तिने साठ वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं. कसं ओळखलंस, विचारलं. तिची हुजूरपागेतली मैत्रीण आणि ती, दोघी त्याच नायकाला पत्रं लिहायच्या. दोघींना फोटो आले. माझी सही जास्त चांगली की तुझी यावरून भांडण झालं, म्हणून वाड्याच्या जिन्यातल्या खिडकीला दोन्ही फोटो लावून बघितले. "एकच निघाली," आत्या म्हणाली. "मग आम्ही दोघी मिळून आणखी पत्रं पाठवली. एकदा तरी खरी येईल म्हणून." सहापैकी तीन फोटो त्या मैत्रिणीचे आहेत. तिचं लग्न होऊन ती नागपूरला गेली तेव्हा ठेवून गेली.

पुलंच्या कार्डापुढे शेरा नाही. फक्त तारखेखाली दोन रेघा मारलेल्या आहेत.

शाईचा_डाग | गुरुवार, रात्री ११:०५

ताई, ती वही म्हणजे या सगळ्या ट्रंकेतली सर्वांत मोलाची वस्तू आहे. कोणत्याही संस्थेच्या प्रमाणपत्रापेक्षा मी ती वर ठेवीन. पानन् पान स्कॅन करा. आणि आत्याबाईंना समोर बसवून प्रत्येक ओळीबद्दल त्या काय सांगतात ते त्यांच्या आवाजात रेकॉर्ड करा. हे उद्याच करा.

सिटीपोस्ट | शुक्रवार, सकाळी ६:५०

वहीला माझा नमस्कार सांगा. अल्बमचं काय झालं?

ओसरी | रविवार, सायंकाळी ६:३०

अल्बम भावाकडे औंधला होता. आज तो घेऊन आला.

'ऑस्ट्रेलिया' लिहिलेलं पान काढलं. सात तिकिटं. पाच सुटी, धुतलेली. दोन कागदासकट कापलेली, त्यातल्या एकावर अर्धा गोल शिक्का. किंमत पेन्समध्ये आहे. हात थरथरत होते म्हणून भावाने चिमट्याने तो तुकडा उचलला आणि पाकिटाच्या कापलेल्या कोपऱ्यात सरकवला. मी कात्री वाकडी चालवली होती, डावीकडे एक दात आला होता. तो दात पाकिटाच्या दातात बसला. शिक्क्याचा गोल पुरा झाला. वरच्या कमानीत पाकिटावर 'अ‍ॅडे' आणि तिकिटावर 'लेड'. ब्रॅडमन राहायचे ते शहर.

आत्या शेजारी खुर्चीवर होती. तिने भिंग मागितलं आणि बराच वेळ बघत राहिली.

सिटीपोस्ट | रविवार, सायंकाळी ६:४५

चिकटवू नका हं! तसंच शेजारी शेजारी ठेवून पारदर्शक पाकिटात घाला. शिक्क्याच्या मधल्या ओळीत तारीख असेल. महिना-वर्ष वाचता येतं का?

ओसरी | रविवार, सायंकाळी ७:०५

महिना 'ऑग' स्पष्ट आहे. वर्षातला ६ दिसतो. पुढचा आकडा मी कापलेल्या रेघेवर गेलाय, त्याचा फक्त उभा दांडा उरलाय. आत्या म्हणते तो ४ चाच आहे.